रात्री अकरालाही तापलेलं छत: गच्चीखालच्या खोलीचं सर्किट कसं मांडायचं

मे महिना, रात्रीचे अकरा. बाहेर २७ अंश. मुलुंडच्या आमच्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली, पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर मघाशीच गॅसवरून उतरवलेल्या तव्यासारखं ऊबदार लागतं. एसी लावला की दहा मिनिटांत हवा गार, बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा तेच. घरातले म्हणतात, "एसीतला गॅस गेलाय." गॅस गेलेला नाही. या खोलीत दोन घड्याळं चालतात, हवेचं मिनिटांचं आणि स्लॅबचं तासांचं, आणि आपलं भांडण नेहमी दुसऱ्याशी असतं.

ही दोन घड्याळं कागदावर मांडायला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमात पहिल्या वर्षी शिकवतात तेवढं आर-सी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरचं, सर्किट पुरतं. खाली मी माझ्याच खोलीचे आकडे घेतलेत. तुम्ही टेप घेऊन तुमची खोली मोजा आणि तुमचे आकडे घाला.

कशाच्या जागी काय

तापमान म्हणजे व्होल्टेज. उष्णतेचा प्रवाह, वॅटमध्ये, म्हणजे करंट. भिंत, काच, स्लॅब हे रेझिस्टर, एकक अंश प्रति वॅट. वस्तू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ज्यूल प्रति अंश, म्हणजे कपॅसिटर. आर गुणिले सी केलं की सेकंद येतात, अगदी विजेसारखेच.

गंमत अशी की ही तुलना मुळात उलट्या दिशेने आली. फूरिएचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ चा, ओहमचा १८२७ चा, आणि ओहमने तारेतल्या विजेचा विचार फूरिएच्या उष्णतेच्या धर्तीवर केला होता. आपण उसनं दिलेलं परत घेतोय, इतकंच.

तीन ठिकाणी मात्र तुलना तुटते, आणि वीजवाले तिथेच घसरतात. एक, विजेत व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. इथे करंटच वॅटमध्ये आहे, तो तापमानाने गुणला तर काहीही अर्थाचं निघत नाही. दोन, इंडक्टरला, म्हणजे कॉइलला, इथे जोडीदार नाही. त्यामुळे खोलीचं तापमान आपणहून झोके घेत नाही. तुमच्या आलेखात झोके दिसले तर चूक खोलीची नाही, तुमच्या गणिताची आहे. तीन, कपॅसिटरचं एक टोक नेहमी ग्राउंडला. स्लॅबचा कपॅसिटर स्लॅब आणि खोली यांच्यामध्ये जोडलेली सर्किटं मी पाहिलीत. साठलेली उष्णता स्लॅबच्या स्वतःच्या तापमानावर ठरते, शेजाऱ्याशी असलेल्या फरकावर नाही. ग्राउंड म्हणजे शून्य अंश धरा, हिशेब सोपा राहतो.

आधी चित्र काढा

माझी खोली ३ बाय ४ मीटर, उंची २.९. वर उघडी गच्ची. पश्चिमेची ३ मीटरची भिंत बाहेरची, तिच्यात १.५ बाय १.२ मीटरची खिडकी. बाकीच्या तीन भिंती आणि जमीन घरातल्याच किंवा शेजाऱ्याच्या. पलीकडेही साधारण आपल्याइतकंच तापमान आहे असं धरून त्या वाटा तूर्त सोडून द्यायच्या. खालच्या घरात रात्रभर एसी २२ वर चालत असेल तर मात्र जमिनीचीही एक वाट काढा. तो शेजारी तुमची खोली फुकटात गार करतोय.

कागदावर मधोमध एक ठिपका: खोलीची हवा. त्याला चार वाटा. पहिली स्लॅबमधून गच्चीकडे, वाटेत मध्येच स्लॅबचा ठिपका आणि त्याला कपॅसिटर. दुसरी भिंतीतून, तशीच, मध्ये कपॅसिटर. तिसरी काचेतून, नुसता रेझिस्टर. काचेचं वस्तुमान सोडून द्यायला हरकत नाही. चौथी फटींतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची. शिवाय हवेच्या ठिपक्यात सोडलेला एक करंट सोर्स: माणसं, पंखा, दिवा. झोपलेल्या एका माणसाचे ७० वॅट धरा, साध्या पंख्याचेही तेवढेच. हो, पंखा खोली तापवतोच. गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून.

रेझिस्टर

जाडी भागिले वाहकता, हा एका चौरस मीटरचा आकडा. मग क्षेत्रफळाने भागायचं. आरसीसीची वाहकता १.५८, भाजक्या विटेची ०.८१, सिमेंट प्लास्टरची ०.७२ च्या आसपास.

स्लॅब खालून वर असा: १२ मिमी प्लास्टर ०.०१७, सव्वाशे मिमी आरसीसी ०.०७९, त्यावर वॉटरप्रूफिंगचा १०० मिमी विटांचा कोबा ०.१२३. बेरीज ०.२१९. यात पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा रोध मिळवायचा, आणि तो किरकोळ नाही. छताखाली, उष्णता वरून खाली येत असताना, ०.१७. गरम हवा वरच तरंगत राहते म्हणून हा आकडा भिंतीपेक्षा (०.१३) मोठा. गच्चीवर वारा असतो म्हणून तिथे ०.०५. एकूण ०.४३९. याचा उलटा आकडा २.२८, तोच छपराचा यू-आकडा, म्हणजे एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट. केंद्राची २०१८ ची इको-निवास संहिता नव्या निवासी इमारतींच्या छपरासाठी १.२ ची मर्यादा घालते. आमची इमारत त्याच्या किती आधीची आहे ते कोब्याला विचारा.

कपॅसिटर स्लॅबच्या मध्यावर बसवायचा म्हणून रोधाचे दोन भाग: बाहेरचा ०.०५ अधिक ०.११, आतला ०.११ अधिक ०.१७. बारा चौरस मीटरने भागून बाहेरचा ०.०१३३ आणि आतला ०.०२३३ अंश प्रति वॅट.

भिंत सहा इंची विटेची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, खिडकी वजा जाता ६.९ चौरस मीटर. त्याच पद्धतीने एकूण ०.०५९, त्यातला आतला भाग ०.०३५३. एकेरी काचेचा यू-आकडा ५.८ धरला की १.८ चौरस मीटरला ०.०९६.

हवेसाठी सोपं सूत्र: तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते तो आकडा, गुणिले घनफळ, गुणिले ०.३३. हा कंडक्टन्स, म्हणजे रोधाचा उलटा, वॅट प्रति अंश. घनफळ ३४.८ घनमीटर. खिडक्या बंद, तासाला अर्धा बदल: ५.७. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, तासाला दहा बदल: ११५. अख्ख्या सर्किटात आपल्या हाताने इतका फिरवता येणारा दुसरा रेझिस्टर नाही.

कपॅसिटर

इथे दोन्ही घड्याळं उघडी पडतात. आकारमान गुणिले घनता गुणिले विशिष्ट उष्णता. आरसीसी: २२८८ किलो प्रति घनमीटर आणि ८८० ज्यूल. वीट: १८२० आणि तेच ८८०. बारा चौरस मीटर स्लॅब आणि कोबा मिळून ४९.४ लाख ज्यूल प्रति अंश. खोलीतली हवा? ४२ हजार. स्लॅब हवेच्या जवळपास ११८ पट.

युनिटमध्ये बोलायचं तर स्लॅब एक अंशाने खाली आणायला त्यातून १.३७ युनिट उष्णता काढावी लागते. हवेसाठी युनिटचा शंभरावा हिस्सा. एसी दहा मिनिटांत हवा गार करतो त्यात त्याचं कौतुक काहीच नाही.

आता घड्याळं मोजू. हवेचा कंडक्टन्स: स्लॅबकडे ४२.९, भिंतीकडे २८.३, काच १०.४, फटी ५.७, एकूण ८७.३. बेचाळीस हजार भागिले ८७.३ म्हणजे ४८१ सेकंद, आठ मिनिटं. स्लॅबचे दोन्ही रोध समांतर धरून ०.००८४७, गुणिले ४९.४ लाख: ११.६ तास. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत "पुन्हा तेच" का, ते या दोन आकड्यांत आहे.

(कपाट, गादी, पुस्तकं हवेबरोबरच गार-गरम होतात. म्हणून खऱ्या खोलीत हवेचा कपॅसिटर काही पट मोठा धरतात. मी पाच पट धरतो. खालच्या उदाहरणात मात्र कोरी हवाच ठेवली आहे, चूक नीट दिसावी म्हणून.)

ऊन कसं घालायचं

गच्चीच्या टोकाला बाहेरच्या हवेचं तापमान जोडलं तर उत्तर सपशेल चुकतं, कारण ऊन सुटतं. ऊन तापमानात मिसळून एक काल्पनिक तापमान बनवतात, त्याला सोल-एअर म्हणतात: हवेचं तापमान, अधिक (पृष्ठभागाचा शोषणांक, म्हणजे उन्हातला जेवढा हिस्सा तो पितो, गुणिले ऊन भागिले २०; हे २० म्हणजे वरच्या ०.०५ चा उलटा), वजा आकाशाकडे फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचे दोन-चार अंश. जुन्या काळपट कोब्याचा शोषणांक ०.७. भर दुपारी ऊन चौरस मीटरला ९०० वॅट, हवा ३३, आकाशाचे ३ वजा: ६१.५ अंश. म्हणजे सर्किटच्या त्या टोकाला दुपारी ६१.५ 'व्होल्ट' आणि पहाटे २४.

दोन गोष्टी इथे मुंबईच्या. सूर्य मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. जुलैत ढग वाचवतात, मेमध्ये कोणी नाही. दुसरं, इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला येत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३ च्या आत, म्हणून मेमध्ये साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. सौर वेळेतले आकडे घड्याळाच्या वेळेत तसेच चिकटवले तर सगळा आलेख अर्ध्या तासाने सरकतो आणि मग माणूस उगाच स्लॅबच्या जाडीवर संशय घेतो.

पश्चिमेच्या भिंतीलाही असंच सोल-एअर, फक्त तिचं ऊन दुपारनंतरचं.

एका रात्रीचा हिशेब

संगणक उघडण्याआधी एक आकडा हाताने काढा, त्याने चित्रातल्या चुका सापडतात. रात्री अकरा, बाहेर २७, स्लॅब ३६, भिंत ३४. हवा हलकी असल्यामुळे अर्ध्या तासाच्या आत ती सगळ्या शेजाऱ्यांच्या भारित सरासरीवर जाऊन बसते. वीजवाल्यांना हे मिलमनचं प्रमेय म्हणून माहीत आहे.

खिडक्या बंद: ४२.९ गुणिले ३६, अधिक २८.३ गुणिले ३४, अधिक काच आणि फटी मिळून १६.१ गुणिले २७, भागिले ८७.३. उत्तर ३३.७. त्यात एक माणूस आणि पंखा, १४० वॅट भागिले ८७.३, म्हणजे १.६ अंश. झाले ३५.

खिडक्या उघड्या: फटींचे ५.७ जाऊन ११५ आले, एकूण १९६.६. उत्तर साडेतीस. साडेचार अंशांचा फरक, फुकटात. डास आलेच, म्हणून जाळी लावली तर हवेचे बदल कमी होतात. तुमच्या जाळीसाठी दहाच्या जागी सहा घालून पुन्हा गणित करा.

वर्कशीट, आणि माझी फजिती

पहिल्यांदा मी हे एक्सेलमध्ये मांडलं तेव्हा तासाची एक ओळ घेतली. हवामानाचे आकडे ताशी मिळतात, सहज सुचलं. सूत्रही सरळ: नवं तापमान म्हणजे जुनं, अधिक (आत आलेले एकूण वॅट गुणिले ३६०० भागिले कपॅसिटर). पहिल्या ओळीत ३१ अंश. दुसरीत काहीतरी विचित्र. सहाव्या ओळीत खोली सूर्यापेक्षा गरम, सातवीत उणे. खाली नुसत्या ##### च्या रांगा. दोन संध्याकाळी मी कंस मोजत बसलो होतो.

कंस बरोबरच होते. हवेचं घड्याळ ४८१ सेकंदांचं, पाऊल ३६०० चं. प्रत्येक पावलाला चूक उणे साडेसहा पट होते. एका अंशाची चूक पाच ओळींत ११ हजारांच्या वर जाते. पाऊल सर्वांत वेगवान घड्याळापेक्षा लहान हवं, हा नियम. पाच मिनिटांचं पाऊल चाललं असतं, पण खिडक्या उघडल्या की हवेचं घड्याळ साडेतीन मिनिटांवर येतं, मग तेही लंगडतं.

म्हणून आता मी दुसरं सूत्र वापरतो, ते कितीही मोठ्या पावलाला उधळत नाही. नवं तापमान = (कपॅसिटर भागिले पाऊल, गुणिले जुनं तापमान, अधिक प्रत्येक वाटेचा कंडक्टन्स गुणिले पलीकडचं तापमान, अधिक आतले वॅट) भागिले (कपॅसिटर भागिले पाऊल, अधिक सगळे कंडक्टन्स). वरच्याच भारित सरासरीत 'स्वतःचं मागचं तापमान' हा एक जास्तीचा शेजारी आला. पलीकडचं तापमान मात्र नव्या ओळीतलं घ्यायचं. एक्सेल वर्तुळाकार संदर्भाची तक्रार करेल, तेव्हा पुनरावृत्तीची परवानगी सेटिंगमध्ये चालू करा. पंधरा मिनिटांचं पाऊल भरपूर होतं.

सुरुवातीचं तापमान काय घालायचं याची चिंता नको. तेच हवामान सलग तीन दिवस चालवा आणि चौथा दिवस वाचा. साडेअकरा तासांचं घड्याळ ७२ तासांत सुरुवातीच्या चुकीचा पाचशेवा हिस्साच उरवतं.

एक्सेल नको असेल तर एलटीस्पाइस

सर्किट आहे तर सर्किटच्याच सॉफ्टवेअरात काढा. एलटीस्पाइस फुकट मिळतं. एक व्होल्ट म्हणजे एक अंश, एक अँपिअर म्हणजे एक वॅट. लॅमिंग्टन रोडवर जाऊन ४९ लाख फॅरडचा कपॅसिटर मागितला तर दुकानदार पाणी प्यायला देईल, पण सॉफ्टवेअरला त्याचं काही वाटत नाही. ताशी तापमानं पीडब्ल्यूएल सोर्समध्ये (दिलेले बिंदू सरळ रेषांनी जोडणाऱ्या सोर्समध्ये) सेकंदांसकट भरायची, चार दिवस म्हणजे ३,४५,६०० सेकंद.

सापळा अक्षरांचा आहे. तिथे 'एम' म्हणजे मिली, दशलक्षासाठी 'मेग' लिहावं लागतं. आणि ४२००० पुढे फॅरडचा 'एफ' लावलात तर तो फेम्टो समजला जातो, म्हणजे तुमची हवा नाहीशीच झाली. आकडे शून्यांसकट पूर्ण लिहावेत, अक्षर लावूच नये.

एसी दाखवायची एक सुरेख युक्ती इथे आहे: हवेच्या ठिपक्याला २६ व्होल्टचा सोर्स जोडा आणि त्यातून वाहणारा करंट वाचा. तो थेट कूलिंग लोड, म्हणजे एसीला खोलीतून काढावी लागणारी उष्णता, वॅटमध्ये.

खऱ्या छताशी ताडून पाहा

डीएस१८बी२० हा सेन्सर स्वस्त आणि अर्ध्या अंशापर्यंत बरोबर. तीन घ्या. एक छताला चिकटवून वर थर्मोकोलचा तुकडा दाबा, नाहीतर तो पंख्याची हवा मोजत बसेल. एक खोलीच्या मध्यावर, एक बाहेर सावलीत. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ नको, हे सांगायला नको होतं, पण माझा पहिला तिथेच होता.

माझं छत सर्वांत गरम झालं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. मॉडेल म्हणत होतं पावणेसहा. शोषणांक बदलला, कोब्याची जाडी बदलली, वेळ हलेना. कारण मूलभूत आहे: चोवीस तासांच्या चढउताराला एक कपॅसिटर जास्तीत जास्त सहा तास मागे ढकलू शकतो, आणि तेही कधीच पूर्ण नाही. माझ्या आकड्यांना ४.८ तास येतात. उपाय, स्लॅबचे दोन तुकडे. प्रत्येकी २४.७ लाखांचे दोन कपॅसिटर, आणि बाहेरून आत ०.००८७, ०.००९२, ०.०१८७ असे तीन रोध. बेरीज तीच. विलंब ६.४ तासांवर गेला, शिखर सव्वासातला आलं. तीन तुकडे करून फार काही सुधारलं नाही, म्हणून थांबलो.

वेळ आधी जुळवा, उंची नंतर. वेळ कपॅसिटर ठरवतात, उंची मुख्यतः शोषणांक. दोन्हींशी एकदम खेळलात तर चुकीचे दोन आकडे एकमेकांना सांभाळून घेतात आणि आलेख छान दिसतो.

मग सर्किटला काय विचारायचं

मी पहिला प्रश्न चुन्याचा विचारला. खोली २६ वर धरली तर काळपट गच्चीतून दिवसभराची सरासरी ३०५ वॅट उष्णता आत येते, सायंकाळी ४७० पर्यंत. पांढरा थर देऊन शोषणांक ०.३ केला तर सरासरी १४५ वॅट. निम्म्याहून कमी. पण एका पावसाळ्यात शेवाळ आणि काजळी बसली की ०.३ चे ०.५ होतात, म्हणून दोन्ही आकड्यांनी चालवून पाहा आणि दरवर्षी गच्ची धुणार कोण हे सोसायटीच्या सभेतच ठरवा.

इन्सुलेशनचा प्रश्न जास्त मजेचा. २५ मिमी एक्सपीएसचा (थर्मोकोलच्या जातीच्या घट्ट फोमचा) रोध ०.८३, यू-आकडा २.२८ वरून ०.७९. पण थर स्लॅबच्या वर की खाली? रोधांची बेरीज दोन्हीकडे सारखीच, म्हणून पुष्कळ जण फरक नाही म्हणतात. सर्किटात मात्र कपॅसिटर रेझिस्टरच्या अलीकडे की पलीकडे, हा सगळाच फरक आहे. वर घातला तर स्लॅब उन्हापासून तुटतो आणि खोलीशी जोडलेला राहतो. दिवसभर एसी किंवा रात्री खिडक्या उघड्या असतील तर उत्तम. फक्त रात्री दहा ते सहा एसी लावणाऱ्याला खालचा थर लवकर फळतो, कारण एसीला ते ४९ लाख ज्यूल हलवावेच लागत नाहीत. स्लॅब वरच्या वर तापत राहतो. तरी गळकी गच्ची असेल तर मी वरचाच सांगेन. खालून झाकलेली ओल दिसत नाही, आणि सळईचा गंज सर्किटात येत नाही.

गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ऊन शून्य करा आणि पत्र्याखालच्या हवेचं मोजलेलं तापमान घाला. तर्काने घालू नका, पत्रा स्वतः खाली उष्णता फेकतो.

या मॉडेलला दमटपणा कळत नाही. त्याच्या लेखी ३० अंश म्हणजे ३० अंश, मग तो पुण्याचा असो की आपला. एसीला हवेतून पाणी काढायला लागणारी शक्तीही त्यात नाही, म्हणून मशीन निवडताना कूलिंग लोडवर वेगळी भर धरावीच लागते. आणि नोंदी घ्यायच्या तर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत, सलग तीन निरभ्र दिवसांच्या घ्या. पहिली सर आली की कोबा पाणी पितो, दोन-तीन दिवस ते वाळत राहतं, स्लॅब आपोआप गार होतो, आणि तुम्ही बसता शोषणांक कमी करत.